एकही घर लागत नाही

मे महिना आला की आमच्या कर्वेनगरात दोनच प्रकारची माणसं उरतात, परीक्षा असलेली आणि कुठे जायला नसलेली. बाकीचे आंबे खायला, लग्नं लावायला, नाहीतर नुसतेच नातेवाइकांना भंडावायला बाहेरगावी गेलेले असतात. सोसायटीचं पार्किंग एकदम मोकळं होतं, जिन्यात चपला अडखळत नाहीत. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे मात्र रांग असते आणि रांगेतली मुलं भर उन्हात उभ्या उभ्या वाचत असतात. ओठ हलतात, आवाज येत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त होऊनही बरेच दिवस झाले. तरी ते हलणारे ओठ पाहिले की अजून मीही त्यांच्याबरोबर ओठ हलवू लागते. यंदाही तेच झालं.

या दिवसांत आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटरही तापतो. लेक बंगळुरूला गेली तेव्हा तिने मागे ठेवलेला हा जुना डबा. तो आमच्याकडे चोवीस तास चालू असतो. थंडीत त्याचं अस्तित्वही जाणवत नाही, पण मे महिन्यात त्याच्या आतला पंखा घरातल्या पंख्याशी चढाओढ करतो. दुपारी मी खिडकीचा पडदा ओला करून त्याच्या बाजूला सरकवते. पाहुणे आले की कुणीतरी हमखास सांगतं, ‘अहो, तुमचा कॉम्प्युटर बंद करायचा राहिलाय.’ मी सांगते, राहिलेला नाही, चालू ठेवलाय. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होत नाही, पण पुण्यात पाहुण्याचं समाधान करण्याची सक्ती नाही.

जाणकार लोक अशा कॉम्प्युटरला नोड म्हणतात. आम्ही घर म्हणतो. ‘आज किती घरं लागतायत?’ असं आम्ही एकमेकांना विचारतो, आणि शेजारी ऐकत असतील तर त्यांना आम्ही घरांच्या दलालीचा धंदा काढला आहे असं वाटत असणार. प्रकार साधा आहे. आम्ही काही निवृत्त माणसं, ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचतो आणि ते वाचन रेकॉर्ड करतो. पूर्वी ती रेकॉर्डिंग्ज एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेत ठेवलेली असायची. एक दिवस ती जागाच बंद झाली. बंद होणार असल्याचं पत्र म्हणे आधी आलं होतं. इंग्रजीत, ईमेलवर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातींमध्ये. आमच्यापैकी कुणी ते उघडलंच नव्हतं. जोशीसाहेबांनी सवयीने प्रत्येक फाइलची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवली होती म्हणून निभावलं.

जोशीसाहेब सदाशिव पेठेतले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन लावून दिले, स्वतः फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी गेले नाहीत. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं आणि चहा यायच्या आतच निकाल दिला. ‘दुसऱ्याच्या जागेत फुकट राहायचं आणि त्याने बाहेर काढलं की रडायचं, हे धंदे आता बस झाले. प्रत्येकाच्या घरात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलेला आहे. माळ्यावर टाकण्याऐवजी माझ्या ताब्यात द्या.’ महिन्याभरात पाच घरं तयार झाली. त्यांचं सदाशिव पेठेतलं, आमचं कर्वेनगरातलं, आणि कोथरूड, बिबवेवाडी, हडपसरचं एकेक. प्रत्येक घरात सगळी रेकॉर्डिंग्ज. नवीन काही रेकॉर्ड झालं की ते एका घरातून बाकीच्या घरांत आपोआप, सावकाश उतरणार. विद्यार्थ्याचा फोन जे घर चालू असेल त्याला जोडून घेणार. एक घर बंद पडलं तरी उरलेली चार आहेतच. हा ‘आहेतच’ आम्हाला पुढे चांगला भोवला.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या बटणावर जोशीसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली होती. ‘हे बटण बंद करणाऱ्याने आधी मला फोन करावा. न केल्यास मी करीन.’ दुसऱ्या वाक्याची धमकी पुरेशी होती. त्या बटणावरची धूळसुद्धा मी श्वास रोखून पुसायचे.

वाचून दाखवणं हे माझ्यासाठी काही निवृत्तीनंतर सुचलेलं सत्कार्य नाही. माझं लहानपण पर्वती पायथ्याच्या वस्तीत गेलं. आजोबांनी धम्म स्वीकारला आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येक पोराला शाळेत घालायचं हे ठरूनच गेलं. तरी वडिलांची शाळा लवकर सुटली. पाण्याच्या खात्यात लागलेले माझे वडील जोडाक्षराला अडखळायचे. म्हणून संध्याकाळी दारात वर्तमानपत्र मी वाचायचे, नऊ वर्षांची, आणि ऐकायला आजूबाजूची पाचसात घरं. बायका शेंगा सोलत ऐकायच्या, पुरुष तंबाखू मळत. हवेत गोवऱ्यांचा धूर आणि नुकत्याच शिंपडलेल्या अंगणाचा वास. मी भराभर वाचू लागले की वडील हात वर करायचे. म्हणायचे, ‘थांब. परत वाच. ऐकणाऱ्याला मागं जाऊन बघता येत नाही.’ डी.एड.ला मला वाचनाचं तंत्र शिकवणारे पुष्कळ भेटले, पण त्या एका वाक्यापलीकडे कुणी काही शिकवलं असेल तर मला आठवत नाही.

रेकॉर्डिंगसाठी वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो, नाहीतर मागे सतत घरघर येते. मार्च ते मे हेच आमचे कामाचे दिवस, म्हणजे पुण्याचा उन्हाळा आम्ही पंखा बंद करून काढतो. खिडकीही लावायची, कारण कोकिळेला आपल्या मधेमधे बोलण्याने अर्थशास्त्राचं काय होतं याची कल्पना नसते. तक्ता आला की ‘तक्ता सुरू’ म्हणायचं, ओळीओळीने वाचायचा, ‘तक्ता संपला’ म्हणायचं. आकृतीचं मात्र अवघड. एकदा एका उतरत्या रेषेचं वर्णन करताना मी रेकॉर्डिंगमध्ये म्हटलं, ‘ही रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, पर्वतीच्या पायऱ्या उतराव्या तशी. पर्वती म्हणजे एक टेकडी असून तिला…’ आणि टेकडीचं वर्णन चांगलं मिनिटभर चाललं. दोन दिवसांनी फोनवर एक निरोप आला. ‘मॅडम, पर्वती मी बघितलेली आहे. तुम्ही पुढं वाचत चला. आणि स्वल्पविरामाला फार थांबता तुम्ही.’

ही रंजना. मांजरीची. तेव्हा तिचं वय चौतीस. एकोणिसाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन डोळे गेले. घरची उसाची थोडी शेती, भावाचं कुटुंब, आई. दहा वर्षं घरात बसून काढल्यावर तिने बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं आणि घरच्यांना ते सांगितलं, विचारलं नाही. सगळे विषय सुटले, अर्थशास्त्राचा एक पेपर राहिला. दोनदा बसली, दोनदा राहिला. तिसऱ्या वेळी विद्यापीठाने कळवलं की जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा, यानंतर नवा अभ्यासक्रम. म्हणजे या वेळी पेपर राहिला तर आधी सुटलेलंही सगळं पुन्हा पहिल्यापासून.

‘परत पहिल्यापासून माझ्यानं व्हायचं नाही, मॅडम,’ ती मला म्हणाली होती. रडत वगैरे नव्हती. उद्या पाणी येणार नाही हे सांगावं तशा सुरात म्हणाली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं. त्या वर्षी आम्ही पाचही घरांनी प्रकरणं वाटून घेतली आणि तिचं अख्खं पुस्तक वाचायला घेतलं. तिचा फोन जुना, त्यात जागा कमी. ती दोन प्रकरणं उतरवून घ्यायची, ऐकून ऐकून पाठ करायची, पुसायची, मग पुढची दोन.

दोन वर्षांपूर्वीचा तो मे. बुद्धपौर्णिमेचा दिवस. साताऱ्याच्या पुढे माझं माहेरचं मूळ गाव आहे. तिथे विहार व्हावा हे माझ्या आईचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. ती गेल्यावर भावाने ते मनावर घेतलं. गावातल्या लोकांनी रविवारी रविवारी खपून विटा रचल्या. त्या संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं आणि पहिली वंदना मी घ्यायची असं ठरलं होतं. पांढरी साडी महिनाभर आधी इस्त्री करून ठेवली होती.

आता, गावाला जाताना घर बंद करणं हा आमच्या पिढीचा एक विधीच आहे. गॅसचा कॉक, नळ, खिडक्या. फ्रिज रिकामा करून पुसायचा आणि दार मिटू नये म्हणून त्यात फडकं अडकवायचं. कुंड्यांना जादा पाणी. आणि सगळ्यात शेवटी, चपला पायात घालून, दारात उभं राहून मेन स्विच पाडायचा. शॉर्टसर्किटची भीती आमच्या आईवडिलांनी आमच्यात मुरवलेली आहे. खाली रिक्षात बसल्यावर हे, म्हणजे आमचे यजमान, दरवेळी विचारतात, ‘मेन स्विच?’ मी म्हणते, ‘पाडला.’ मगच रिक्षा हलते. त्या सकाळीही असंच झालं.

स्वारगेटला लाल गाडीत खिडकीची जागा मिळाली. डिझेलचा आणि कापलेल्या काकडीचा वास येत होता. कंडक्टर अजून खाली चहा पीत होता. तेवढ्यात रंजनाचा फोन आला.

‘मॅडम, एकही घर लागत नाही.’

‘असं कसं होईल? पाच आहेत.’

‘मी मघापासून एकेक बघतेय. तुमचंपण नाही लागत. आणि परवा पेपर आहे.’

‘माझं न लागायला काय झालं? आमच्याकडे त्या बटणाला कुणी हातसुद्धा…’ एवढं बोलले आणि सकाळची रिक्षा आठवली. बटणाला कुणी हात लावलेला नव्हताच. चिठ्ठी बटणावर होती. मेन स्विचवर कुठे होती?

कोथरूडच्या बाईंना फोन लावला, त्या गणपतीपुळ्याला. बिबवेवाडीचे नाशिकला, हडपसरचे सोलापूरला लग्नात. प्रत्येकाने आधी ठासून सांगितलं की बटणाला आम्ही शिवलोही नाही, आणि नंतर आवाज खाली आला. प्रत्येकाला वाटलं होतं की उरलेली चार आहेतच. शेवटी जोशीसाहेब. ते मुलीकडे गुहागरला.

‘मी बटण बंद केलेलं नाही,’ ते म्हणाले.

‘मेन स्विच, साहेब?’

मग एकच शब्द आला. ‘पाडला.’

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी सगळं ऐकलं होतं. पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस, भावना व्यक्त करायला यांना फॉर्म लागतो. मी म्हटलं, ‘अहो, मला उतरायला हवं.’ मला वाटलं म्हणतील, तुझ्या आईचं काम आहे, वेडी आहेस का. म्हणाले, ‘उतर. मी पुढे जातो. दोघांनी उतरून तो डबा दुप्पट चालणार नाही.’ आणि माझी पिशवी वरून काढून माझ्या हातात दिली. साडीची बॅग मात्र वरच राहू दिली. जमलं तर दुपारच्या गाडीने मी येईन अशी आशा त्यांनाही असावी.

रिक्षा राजाराम पुलावरून येताना मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या बत्तीस वर्षांत वर्गाला दिल्या नसतील. घरात शिरले तर दोन तासांत घर भट्टीसारखं तापलेलं. मेन स्विच वर केला. फ्रिज थरथरला, ट्यूब लुकलुकली, आणि कोपऱ्यातून तो ओळखीचा बारीक सूर निघाला. पाच मिनिटांत रंजनाचा निरोप आला, ‘कर्वेनगर लागलं.’ दुपारची गाडी मिळेल असा हिशेब मनात सुरूही झाला होता.

मग दुसरा निरोप. ‘मॅडम, अकरा आणि बारा नाही दिसत.’

ती दोन प्रकरणं कोथरूडच्या बाईंनी अगदी शेवटी वाचली होती. वाचली, कॉम्प्युटरवर टाकली, आणि ती बाकीच्या घरांत उतरायच्या आत फ्रिजमध्ये फडकं अडकवून गणपतीपुळ्याला निघाल्या. आळीपाळीने घरोघर फिरणारं आमचं एकुलतं एक पुस्तक त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. घराला कुलूप. किल्ली पर्समध्ये, पर्स समुद्रावर. त्या फोनवर रडायला लागल्या. मी म्हटलं, रडू नका, पुस्तकाची आवृत्ती कुठली ते नीट सांगा.

अप्पा बळवंत चौकात मे महिन्याच्या दुपारी जुन्या अभ्यासक्रमाचं पुस्तक शोधायला जाणाऱ्या बाईकडे लोक कसं बघतात ते त्या दिवशी कळलं. पहिल्या दुकानात म्हणाले, ‘जुना? तो रद्दीत गेला.’ दुसऱ्याने मान वर न करता हाताने पुढचं दुकान दाखवलं. पाचव्या की सहाव्या दुकानात एक वयस्कर मालक बनियनवर बसून कलिंगड खात होते. त्यांनी विचारलं, ‘पेपर कधी?’

‘परवा.’

‘परवा पेपर आणि आज पुस्तक. छान अभ्यास आहे.’ पण बोलता बोलता हात धुऊन ते स्वतः स्टुलावर चढले, वरच्या फळीवरचे गठ्ठे एकेक करून खाली देत राहिले, आणि सातव्या गठ्ठ्यात ते निघालं. मुखपृष्ठ नव्हतं. आत कुणा विद्यार्थिनीने हिरव्या पेनने जागोजाग खुणा केलेल्या होत्या.

घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते. दुपारची गाडी गेली होती. मला ते कळत होतं आणि मी ते मनात येऊ देत नव्हते. आतल्या खोलीत गेले, कॉम्प्युटरचा सूर ऐकू येऊ नये म्हणून दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, गळ्याभोवती ओला टॉवेल घेतला आणि प्रकरण अकरा उघडलं. दुसऱ्याच पानावर शेजारच्या मोहितेवहिनींच्या कुकरने शिट्टी दिली. मी उठून गेले. म्हटलं, ‘वहिनी, कुकर जरा नंतर लावता का?’

‘किती वेळाने?’

‘दोन प्रकरणं.’

वहिनींनी माझ्या ओल्या टॉवेलकडे, घामाने चिकटलेल्या केसांकडे पाहिलं. गॅस बंद केला. म्हणाल्या, ‘मग आज दहीभातच खातो आम्ही.’

तशी दुपार मी आयुष्यात दुसरी काढलेली नाही. घाम पापण्यांवरून उतरून पानावर पडायचा आणि हिरवी शाई फुटायची. घसा कोरडा, जीभ जड. सरकारी खर्चाची उद्दिष्टं वाचताना मधेच मनात यायचं की आता भाऊ सतरंज्या घालत असेल, आता फुलं आली असतील. की लगेच वाक्य चुकायचं. चुकलं की थांबायचं, परत वाचायचं. जिथे त्या अनोळखी मुलीने खूण केली होती तिथे मी म्हणत गेले, ‘इथे कुणीतरी दोन रेघा मारल्या आहेत.’ ‘इथे समासात महत्त्वाचं असं लिहिलं आहे.’ डोळे असलेल्या विद्यार्थ्याला जुन्या पुस्तकातून हे आयतं मिळतं, रंजनाला का मिळू नये? अकरावं संपलं, कॉम्प्युटरवर टाकलं. ती ते ऐकू लागली आणि मी बारावं उघडलं. परराष्ट्र व्यापाराचे लांबलचक तक्ते. तक्ता सुरू. तक्ता संपला. तक्ता सुरू.

शेवटची ओळ वाचून पंखा लावला तेव्हा बाहेर उन्हं कलली होती. फोन वाजला. यांचा होता. यांनी फोन नुसता पुढे धरला असावा. विहारात वंदना सुरू झाली होती. माझ्या जागी भाची बसली होती, तिचा कोवळा आवाज, त्यामागे अख्ख्या गावाचा. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात जोडून ऐकलं. ओठ हलवायला गेले तर गळ्यातून आवाज फुटेना, सगळा अकरा आणि बारामध्ये खर्च झाला होता. मग मी रडले, हे सांगायला लाज कसली. आईचा एकच दिवस होता आणि मी तो चुकवला होता, तोही स्वतःच्या हाताने स्विच पाडून. वाईट वाटलं, फार वाटलं. पण पुन्हा तीच सकाळ आली असती तरी मी त्याच गाडीतून उतरले असते. मला याची तेव्हाही खात्री होती, आजही आहे.

पुढचे दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. पेपर दुपारी होता. तिने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. संध्याकाळी तिने एवढंच कळवलं, ‘दोन रेघावालं एक आलं होतं.’

एका गोष्टीचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आमच्यातला कुणीही बेजबाबदार नव्हता. उलट प्रत्येकाने आपापलं घर नको तेवढ्या काळजीने बंद केलं होतं. काळजी स्वतःच्या घरापुरती होती आणि भरवसा दुसऱ्याच्या घरावर. वस्तीत वर्तमानपत्र वाचायचे तेव्हा मला एकदाही असं वाटलं नव्हतं की आज मी नाही वाचलं तर शेजारचं कुणी वाचेल. वाचणारी एकटीच होते म्हणून असेल. पाच झालो आणि सैल पडलो.

रंजनाचा पेपर सुटला. काठावर सुटला, पण सुटला. निकाल लागल्यावर जोशीसाहेबांनी सगळ्यांना सदाशिव पेठेत बोलावलं. या वेळी चहा आधी आला आणि त्यांचा निकाल नंतर. उभे राहून, कागदावर लिहून आणलेलं त्यांनी वाचून दाखवलं. की झालेली चूक सर्वस्वी त्यांची आहे, की चिठ्ठी चुकीच्या जागी चिकटवणाऱ्या माणसाने घरांचं जाळं विणण्याच्या भानगडीत पडू नये, की आपलं सगळ्यांचं वय झालं आहे, तेव्हा ही पाच घरं बंद करून रेकॉर्डिंग्ज पुन्हा एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोपवावीत. खोलीत सगळे चपलांकडे बघत होते. कोथरूडच्या बाईंनी मान हलवली, बिबवेवाडीच्यांनी हलवली.

मला संताप आला. म्हटलं, ‘एक दिवस चुकलो म्हणून दुकान बंद? तुम्ही चौघंही बंद करा. माझं घर चालू राहील.’

‘एका घराला जाळं म्हणत नाहीत, वाघमारेबाई,’ जोशीसाहेब मला म्हणाले.

‘नका म्हणू.’

रंजना कोपऱ्यात बसली होती. मांजरीहून दोन बस बदलून वहिनीबरोबर आली होती, मांडीवर पेढ्यांचा पुडा. तो अजून कुणी घेतला नव्हता. ती म्हणाली, ‘एक माझ्या घरी ठेवा.’

जोशीसाहेबांनी चष्मा काढला. ‘तुमच्या घरी कोण असतं?’

‘नऊ मान्सं, दोन म्हशी. सगळी मिळून एकदम कुठंच जात नाय आमी. दाराला कुलूपच नाय, साहेब. आई उंबऱ्यात बसलेली असती.’ घरचं बोलायला लागली की तिच्या तोंडी मांजरी येते.

‘ते ठीक आहे. पण त्या डब्याला दिवा असतो. हिरवा असला तर चालू, विझला तर बंद. तुम्हाला ते कळणार कसं?’ त्यांनी कुत्सितपणे विचारलं नव्हतं. टेलिफोन खात्यातला माणूस, अडचण दिसली ती बोलून दाखवली.

‘हात ठिवला की कळंल. चालू असला की कोमट लागतोय.’ तिने मांडीवरचा पुडा सरळ केला. ‘आन् दिव्याचं म्हनाल, तर पाची घरात बघनारे व्हते की.’

तिच्या वहिनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, बहुधा गप्प करायला. मला लाज वाटली, पार आतपर्यंत वाटली, आणि त्या लाजेतच इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. आम्ही इतकी वर्षं हिच्यासाठी वाचत होतो. हिच्यावर भरवसा ठेवावा हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

जोशीसाहेब उठले. हातातला कागद त्यांनी उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर सहाचा आकडा घातला आणि म्हणाले, ‘पत्ता सांगा.’

‘मांजरी. कॅनॉल ओलांडला की उसातनं आत येतो तो रस्ता,’ रंजना म्हणाली. ‘नाव नाय सांगितलं तरी चालंल. कुलूप नसलेलं घर कुठलं, एवढंच विचारा.’

जोशीसाहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.